‘इफ’ लिहिलं आणि पाहुणे रोख पैसे न घेता आले. ‘इन केस’ नक्की कुठे वापरायचं?

वरच्या पाटातली (गुहागर)

नमस्कार मंडळी.

गुहागरला वरच्या पाटात आमचं घर आहे. मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की पुळण आणि समुद्र. घरातल्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. स्वयंपाक माझ्याकडे, वाडी ह्यांच्याकडे. माझं शिक्षण बारावीपर्यंत, तेही मराठी माध्यमातून. इंग्रजी वाचलं की कळतं, पण लिहायची वेळ आली की एकेक शब्द तोलून लिहावा लागतो. पूर्वी पुण्या-मुंबईचीच माणसं यायची. आता बंगळूर, हैदराबादहूनही येतात, म्हणून खोली ठरली की मी व्हॉट्सॲपवर इंग्रजीत एक सूचनापत्र पाठवते. त्यात एक वाक्य होतं: ‘कॅरी कॅश इफ देअर इज नो नेटवर्क.’

जुलैत बंगळूरचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. दुसऱ्या रात्री जी झड लागली ती काही थांबेना. लाईट गेली, सकाळपर्यंत टॉवरही बंद पडला. कुणाच्याच फोनला रेंज नाही. आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आलेल्या, आणि पाहुण्यांच्या पाकिटात दोनशे रुपयेसुद्धा नाहीत. सगळे व्यवहार फोनवर करायची सवय. मेडिकलवाल्याने आमच्या शब्दावर गोळ्या दिल्या, पण त्या पाहुण्याचा चेहरा इतका उतरला होता की मलाच वाईट वाटलं.

मी म्हटलं, मी तर लिहिलं होतं हो रोख पैसे आणायला. त्याने फोन काढला, वाक्य वाचलं आणि शांतपणे म्हणाला, “काकी, आम्ही निघालो तेव्हा नेटवर्क होतं. तुम्ही लिहिलंय, नेटवर्क नसेल तर पैसे घ्या.”

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी ते वाक्य चार वेळा वाचलं. त्याचं बरोबर आहे. माझ्या मनात होतं, “आमच्याकडे रेंज जाते, तेव्हा जवळ चार पैसे असू द्यात.” मी लिहिलं भलतंच. परत जाताना चिपळूणला रेंज आल्याबरोबर त्यांनी सगळे पैसे पाठवले, गोळ्यांचेसुद्धा. पैशांचं काहीच नाही. पण माझ्या एका शब्दामुळे एका म्हातारीची अर्धा दिवस काळजी झाली, हे मनातून जात नाही.

त्यानेच सांगितलं की इथे ‘इन केस’ लिहा. माझी भाची पुण्यात नोकरी करते. ती म्हणते, “मावशी, दोन्ही एकच, आम्ही दिवसभर इनकेस इनकेसच करतो.” आता कुणाचं धरू? दोन्हींत फरक असेल तर तो मराठीत कसा ओळखायचा? आणि ह्याच अर्थाचे आणखी कुठले शब्द आहेत?

माझ्या पत्रातली बाकीची वाक्यंही देते. लाईट गेली तर पडवीत कंदील आणि बॅटरी आहे. यायला रात्र होणार असेल तर फोन करा. कुत्रं आणलंत तरी चालेल, पण बांधून ठेवायचं. आणि मला विचारल्याशिवाय पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही. हे शेवटचं मी असं लिहिलंय: ‘डू नॉट गो इन द सी अनलेस यू डोन्ट आस्क मी.’ हे तरी बरोबर आहे का?

निवृत्त मास्तर (रत्नागिरी)

ताई, तुमच्या पाहुण्याचं बरोबर आहे, आणि तुमचा प्रश्न फार चांगला आहे. मी ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. हा फरक फळ्यावर शिकवून मुलांना कळत नाही. एकदा अडलं की मग कायमचा कळतो.

एकच गोष्ट विचारायची: काम आधी करायचं की नंतर? ‘इफ’मध्ये आधी घटना घडते, मग तुम्ही काम करता. ‘इन केस’मध्ये काम आधी उरकलेलं असतं, घटना पुढे घडेल किंवा घडणारही नाही. ‘आय विल कॉल द इलेक्ट्रिशियन इफ द लाईट्स गो’ म्हणजे लाईट जाऊ दे, मग वायरमनला बोलावते. ‘आय हॅव फिल्ड द लँटर्न इन केस द लाईट्स गो’ म्हणजे लाईट अजून आहे, तरी कंदिलात रॉकेल भरून ठेवलंय. रात्रभर लाईट गेली नाही तरी दुसरं वाक्य खरंच राहतं, कारण रॉकेल भरून झालेलं असतं.

मराठीत ओळखायची खूण अशी. वाक्य नुसत्या ‘तर’वर भागत असेल, तर बहुधा ‘इफ’. ‘तर’च्या पुढे ‘असावं म्हणून’ जोडावंसं वाटलं, तर ‘इन केस’. “रेंज गेली तर असावेत म्हणून पैसे आणा.” तुम्ही मनात हे अख्खं वाक्य म्हणालात, आणि लिहिताना त्यातलं ‘असावेत म्हणून’ गळलं. इंग्रजीत तो भार एकट्या ‘इन केस’वर असतो. म्हणून: ‘प्लीज कॅरी सम कॅश इन केस द नेटवर्क गोज डाउन.’

इथे आपली माणसं हमखास एक चूक करतात. मराठीत आपण “रेंज जाईल म्हणून” असं म्हणतो, त्यामुळे इंग्रजीतही ‘इन केस द नेटवर्क विल गो’ लिहावंसं वाटतं. ‘विल’ नको. गोष्ट पुढची असली तरी क्रियापद साध्या वर्तमानकाळातच ठेवायचं. घडण्याची शक्यता कमी असेल तर ‘शुड’ चालतं: ‘इन केस यू शुड मिस द लास्ट फेरी.’ दाभोळ-धोपावे फेरीने येणाऱ्या पाहुण्यांसाठी हे वाक्य तुम्हाला उपयोगी पडेल. काय घडेल ते सगळ्यांना ठाऊकच असेल तर वाक्याच्या शेवटी नुसतं ‘जस्ट इन केस’ म्हटलं की पुरतं. आपल्याकडे म्हणतात ना, “असू दे हो जवळ, अडीनडीला.” तेच ते.

‘इन केस ऑफ’ मात्र निराळं. त्याच्यापुढे नाम येतं आणि अर्थ सरळ ‘झाल्यास’ असा होतो. लिफ्टच्या दारावर ‘इन केस ऑफ फायर डू नॉट यूज द लिफ्ट’ असं असतं. त्याचा अर्थ आग लागल्यास लिफ्ट वापरू नका. ‘आग लागेल म्हणून आत्तापासूनच वापरू नका’ असा नव्हे. मराठीतलं ‘-ल्यास’ हे सूचनाफलकांचं रूप आहे आणि त्याला ‘इन केस ऑफ’ चपखल बसतं. तुमची भाची नोकरीच्या ठिकाणी हे फलक रोज वाचत असणार. तिथूनच तिला दोन्ही एक वाटत असतील.

आणखी एक जुना शब्द आहे, ‘लेस्ट’. आता तो फार गंभीर लिखाणातच दिसतो. ‘शी टाइड द बोट लेस्ट इट ड्रिफ्ट अवे’ म्हणजे होडी वाहून जाऊ नये म्हणून बांधली. ह्याच्या पोटातच ‘नको’ बसलेलं आहे, त्यामुळे वेगळं ‘नॉट’ लावायचं नाही. मला हा शब्द आपल्या ‘न जाणो’च्या जवळचा वाटतो. “न जाणो, पाऊस आला तर,” असं म्हणताना पहिल्याच अक्षरात नकार येतो आणि त्याच्यामागे काळजी असते. पाहुण्यांच्या पत्रात मात्र ‘लेस्ट’ लिहू नका, जड वाटेल.

जाता जाता सांगतो. ‘केस’ हा शब्द लॅटिन ‘कासुस’वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ पडणं. आपणही म्हणतो, वेळ पडली तर, गरज पडली तर. दोन भाषांचं नातं इतकं दूरचं असताना दोन्हीकडे प्रसंग वरून पडावा, हे मला नेहमी विलक्षण वाटत आलंय.

वरच्या पाटातली (गुहागर)

सर, तुम्ही ‘आधी की नंतर’ विचारायला सांगितलंत आणि मला एकदम आगोट आठवली.

बाहेरच्यांसाठी सांगते. मृग लागायच्या आधी आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी होते, ती आगोट. लाकूडफाटा पडवीत रचायचा, सुकी मासळी डब्यात भरायची (आमच्या घरात नाही, पण शेजारी भरतात), तांदूळ, कुळीथ, पापड, आमसुलं, मीठ, काडेपेट्या. सासूबाई काडेपेट्या बरणीत घालून तोंडाला कापड बांधायच्या. एवढं सगळं भरताना बाहेर कडक ऊन असायचं. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, “आत्ता कशाला? पाऊस लागला की आणू.” त्या म्हणाल्या, “पाऊस लागला की आणणारीला भिजलेलं मिळतं.”

म्हणजे मी बोलले ते ‘इफ’ आणि त्या करत होत्या ते ‘इन केस’. बरोबर ना? आता मी कधी चुकणार नाही.

हर्णैचा दर्यावर्दी

वहिनी, मी मूळचा हर्णैचा, सध्या जहाजावर. सुट्टीत घरी आलोय म्हणून लिहितो.

तुमच्या भाचीचं अगदीच चूक नाही. अमेरिकन माणसांच्या बोलण्यात ‘इन केस’ कधीकधी सरळ ‘इफ’च्या अर्थाने येतं. ‘इन केस यू सी द पायलट, टेल हिम’ म्हणजे पायलट (जहाजाला बंदरात वाट दाखवणारा) दिसला तर सांग. सरांनी सांगितला तो फरक ब्रिटिश इंग्रजीत जास्त काटेकोर पाळतात. वाक्याच्या सुरुवातीला ‘इन केस’ आलं की दोन्ही अर्थ निघू शकतात. त्यामुळे मी एक सवय लावून घेतली आहे: खबरदारीचं ‘इन केस’ नेहमी वाक्याच्या मागच्या भागात ठेवायचं. आधी काम सांगायचं, मग कारण. असं लिहिलं तर अमेरिकन वाचो की इंग्रज, गोंधळ होत नाही.

पण मला खरं लिहायचंय ते तुमच्या समुद्राच्या वाक्याबद्दल.

आमच्याकडे एका जहाजावर चार-पाच देशांची माणसं असतात, आणि इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नसते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजावरच्या बोलण्याची ठरावीक वाक्यं मंजूर केली. त्यात दुटप्पी शब्दांबद्दल वेगळी सूचना आहे. मे, माइट, शुड, कुड, कॅन हे शब्द शक्यतो टाळा म्हणून. ‘मे आय एंटर द फेअरवे?’ (फेअरवे म्हणजे जहाजांची ये-जा करायची वाट) असं विचारायचं नाही. कारण ह्यात परवानगी मागितली आहे, की शक्यता विचारली आहे, की माझा विचार सांगितला आहे, हे कळत नाही. विचारायचं असं: ‘क्वेश्चन. डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे?’ तसंच ‘यू कुड बी रनिंग इंटू डेंजर’ म्हणायचं नाही. ‘वॉर्निंग. यू आर रनिंग इंटू डेंजर’ म्हणायचं. जिथे जीव जाऊ शकतो तिथे भाषेत जर-तर ठेवत नाहीत.

तुमच्या वाक्यात ‘अनलेस’ आहे. म्हणजे तुम्ही दार किलकिलं ठेवलंय. कुणीतरी येईल, “काकी, जाऊ का?” विचारेल, तुम्ही चुलीपाशी असाल, मान हलवाल, आणि तो उतरेल. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर गेलेली माणसं होड्या वर ओढून झापांखाली ठेवतात. त्या पाण्यात बाहेरच्या माणसाने उतरण्याला अट कसली घालायची? माझं ऐका, अटच काढून टाका. ‘डू नॉट एंटर द सी इन द मॉन्सून.’ पूर्णविराम. चिडून लिहीत नाही, पण हर्णैच्या किनाऱ्यावर रडणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत.

कुडाळचो झील

ताई, दर्यावर्दी म्हणतत तां शंभर टक्के. तां वाक्य बदला.

भाचीबद्दल माका एक वेगळाच दिसता. आपण मराठी बोलताना ‘इनकेस’ म्हणतो ना, तो शब्द इंग्रजी रवलोच नाय. (आता सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो.) “इनकेस उशीर झाला तर फोन कर” हे वाक्य बघा. ह्यात ‘तर’ आहेच, मग ‘इनकेस’ काय करतंय? ते ‘समजा’ची जागा घेतंय. ‘समजा उशीर झाला तर.’ ‘चुकूनमाकून उशीर झाला तर.’ आपण हा शब्द घेतला, घरात बसवला आणि आपल्या ‘समजा’चं काम त्याला दिलं. मग तोच शब्द परत इंग्रजीत जाताना नवीन अर्थ घेऊन जातो, आणि ‘कॉल मी इन केस यू आर लेट’ तयार होतं. बंगळूरच्या तुमच्या पाहुण्याने ते वाचलं तर तो म्हणेल, उशीर होईल म्हणून आधीच फोन करून ठेवायचा की काय? तुम्हाला तसं म्हणायचं नाही. उशीर झाला, तर मग फोन. तिथे ‘इफ’च हवं. ह्याच कारणाने कितीतरी जण ‘इन केस इफ’ असं दोन्ही एकत्र लिहितात, मीही कॉलेजात लिहायचो. ‘समजा’ आणि ‘तर’ हे दोन्ही शब्द डोक्यात असतात, म्हणून दोन्ही उतरतात. दोनातलं एकच ठेवायचं.

माझी आई मात्र कधी इनकेस म्हणत नाही. मी घरातून निघालो की दारातून हाक येते, “पावस इलोच तर असांदे म्हणान छत्री घेवन जा!” सरांची खूण तिच्या वाक्यात पुरी आहे बघा: ‘तर’, ‘असांदे’, ‘म्हणान’. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही.

निवृत्त मास्तर (रत्नागिरी)

कुडाळच्या मित्रांनी जे दाखवलं ते मला ३१ वर्षांत सुचलं नव्हतं. उसन्या शब्दाचा अर्थ आपल्या घरात बदलतो आणि चूक मात्र इंग्रजीच्या वहीत दिसते. मनापासून धन्यवाद.

समुद्राचं वाक्य दर्यावर्दी सांगतात तसंच करा, ताई. तरीही ‘अनलेस यू डोन्ट आस्क’मधली चूक सांगून ठेवतो, कारण ती एकट्या तुमची नाही. ‘अनलेस’मध्येच ‘नाही’ आहे. आपल्या मराठीत “विचारलं नाहीत तर” असा नकार वेगळा उच्चारावा लागतो, म्हणून आपण तो इंग्रजीतही जोडतो, आणि दोन नकारांनी वाक्य उलटं होतं. तुमच्या वाक्याचा काटेकोर अर्थ निघतो, ‘मला विचारलं नाहीत तरच समुद्रात जा.’ ‘अनटिल’चंही असंच. “तो येत नाही तोपर्यंत थांब” मनात धरून मुलं ‘वेट अनटिल ही डज नॉट कम’ लिहितात. तिथे ‘अनटिल ही कम्स’ एवढंच हवं. मराठीत ‘आल्याशिवाय’, ‘विचारल्याशिवाय’ ही रूपं आहेत, त्यांच्यात नकार ‘शिवाय’ने उचललेला असतो. मनात वाक्य त्या रूपात आणा, मग ‘अनलेस’ नीट उतरतं.

कुत्र्याच्या वाक्याला ‘ॲज लाँग ॲज’ घ्या. ‘डॉग्ज आर वेलकम ॲज लाँग ॲज दे आर केप्ट ऑन अ लीश.’ ‘प्रोव्हायडेड दॅट’चाही अर्थ तोच, पण तो भाडेकराराच्या कागदावर शोभतो. ‘ऑन कंडिशन दॅट’ आणखी कडक, समोरच्याकडून कबुली घेतल्यासारखं. घरी येणाऱ्या माणसाला ‘ॲज लाँग ॲज’ बरं, त्यात आधी ‘या’ आहे आणि मग अट. ह्या शब्दांचा मूळ अर्थ कालावधीचा, आपल्या ‘जोवर’सारखा. “जोवर बांधलेलं आहे तोवर काही हरकत नाही.” काळ आणि अट एकाच शब्दात.

वरच्या पाटातली (गुहागर)

सर, दादा, कुडाळचे भाऊ, तुम्हा सगळ्यांचे उपकार झाले. काल दुपारी जेवणं आटोपल्यावर बसून पत्र नव्याने लिहिलं. बघून घ्या.

‘प्लीज कॅरी सम कॅश in case’ असं आधी रोमन अक्षरं मध्ये घालून लिहीत होते, ते सोडून दिलं. इथे सगळं मराठी अक्षरांत देते.

‘प्लीज कॅरी सम कॅश इन केस द नेटवर्क गोज डाउन. ब्रिंग अ फ्यू एक्स्ट्रा डेज ऑफ मेडिसिन, जस्ट इन केस. देअर इज अ लँटर्न अँड अ टॉर्च इन द व्हरांडा इन केस द पॉवर गोज. कॉल मी इफ यू आर गोइंग टू बी लेट. डॉग्ज आर वेलकम ॲज लाँग ॲज दे आर केप्ट ऑन अ लीश. डू नॉट एंटर द सी इन द मॉन्सून.’

औषधांचं वाक्य पहिल्या पत्रात नव्हतं. ते त्या आजींमुळे आलं.

दादा, तुमचं लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी वाडीच्या टोकाला, जिथून पाहुणे पुळणीवर उतरतात, तिथल्या माडाला त्यांनी फळी ठोकली. तिच्यावर समुद्राचं वाक्य मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लाल रंगाने लिहायचंय. मराठीत “पावसाळ्यात समुद्रात उतरू नका” एवढंच लिहू की “सक्त मनाई” घालू? उद्या रंग आणायला बाजारात जातेय, तोवर कुणी सांगितलंत तर बरं होईल.

हर्णैचा दर्यावर्दी

“उतरू नका” ठेवा, वहिनी. मोठ्या अक्षरात. लहान मुलांनाही वाचता आलं पाहिजे. आणि ऑइल पेंट घ्या, साधा रंग पहिल्या झडीत उतरेल.